कडूच लागणार

सत्यशीला पोरं भाड्यानं देते, आणि तीही मयताला रडायला, ही बातमी आमच्या गावात धर्माबादच्या बाजारातून आली. आणली नागुबाईनं. नागुबाईच्या बातमीला हातपाय असतातच. शेपूट तेवढं ती वेशीत शिरता शिरता लावते. बाई मिरच्या घ्यायला गेली होती. बाजाराच्या तोंडाशीच तिला सत्यशीला दिसली. सोबत आमच्याच गावची पाच-सहा पोरं, तोंडाला राख फासलेली, एकीनं केस मोकळे सोडलेले, मधोमध पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी आडवं ठेवलेलं, आणि पोरं असा गळा काढून रडत होती की मिरचीवाले आडतेसुद्धा डोळे पुसून राहिले होते.

"मिरचीनं पुसत असतील की," पारावर कुणीतरी म्हणालं.

"त्यांला मिरचीची सवय असती," नागुबाई म्हणाली. "तिकडं म्हणं रडायला घरची माणसं कमी पडली की पोरं बोलावतात. चांगलं दोन येळचं जेवण देतात म्हणं वर."

दोन दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. सहा पोरांच्या आयांनी नागुबाईला गाठून झाडलं, तेव्हा खरं काय ते कळलं. मयत कुणाचंच नव्हतं. पांढऱ्या कपड्यात गोधडीची वळकटी होती. पोरं नाटक करत होती, सापाचं, आणि भाडं म्हणून त्यांना एकेक भजीची पुडी मिळाली होती. नागुबाईनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तसं आधी सांगावं न्हाई का माणसानं." जसं काही सत्यशीलेनंच तिला खोटी बातमी देऊन पाठवलं होतं.

सत्यशीला अंगणवाडीत मदतनीस. सकाळी झाडलोट करायची, घरोघर फिरून पोरं गोळा करायची, कुणाची चड्डी ओढायची, कुणाचा शेंबूड पुसायचा, खिचडी शिजवायची. माहेर हिमायतनगरकडचं. बाप जलशात खंजिरी वाजवायचा. गावोगाव जाऊन अंगारेधुपाऱ्यांवर, भुताखेतांवर असली गाणी म्हणायचा की लोक हसता हसता घरी जाऊन गंडे तोडायचे. बाप गेला तेव्हा भावांनी जमीन वाटून घेतली आणि हिच्या वाट्याला खंजिरी आली. त्यावर तिनं कधी तक्रार केली नाही. नवरा आनंदराज नांदेडला ऑटो चालवतो, कधी पंधरा दिवसांनी येतो, कधी महिन्यानं. आधी तसं नव्हतं. आधी दर शनिवारी यायचा, कारण बबलू होता.

बबलू त्यांचा एकुलता एक. खिचडीचं पातेलं रिकामं झालं की उलटं करून त्यावर पळीनं ठेका धरायचा. शेजारपाजारच्या सगळ्या बायका त्याच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि पातेलं शांत असलं की "आज पोरगं कुठं गेलं गं?" म्हणून विचारायच्याही.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी सोयाबीनची कापणी होऊन गंजी लागली होती. आभाळ आलं म्हणून ताडपत्री ओढायची होती. बबलूनं टोक धरून ओढलं आणि ताडपत्रीखाली नाग होता. बोटाला चावला. नाग फणा काढून गंजीच्या पलीकडं गेला तो चौघांनी बघितला.

आमच्या गावाकडं साप चावला की माणसाचे पाय आपोआप पाराकडं वळतात. पारावर लिंबाचं जुनं झाड आहे आणि झाडाखाली ज्ञानोबा. ज्ञानोबाविषयी वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पोरासोरांचा आबा. डोक्याला गुलाबी पटका, हातात काठी, बोलणं मऊ. साप चावलेल्याला तो लिंबाचा पाला चावायला देणार. पाला गोड लागला तर विष चढलं, मग देवाच्या पाया पडायचं आणि धावपळ करायची. कडू लागला तर विष नाही, नारळ फोडायचा. अख्ख्या जिंदगीत या कामाची त्यानं कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. आणि जेव्हा गावातली बाकीची मंडळी सत्यशीलेच्या बुद्धवाड्यात पाय टाकायला कुरकुर करायची, तेव्हा हा माणूस पाल्याची डहाळी घेऊन तिथं पळत गेलेला आहे. "विष कुठं जात इचारतंय? मग मी कामून इचारू?" म्हणायचा. अशा माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं.

सत्यशीला थबकली होती, हे तेव्हा पारावर असलेल्या सगळ्यांना आठवतं. बापाची गाणी कानात असणार. "आबा, दवाखान्यात नेते," ती म्हणाली होती.

"ने की पोरी. आधी बघून तर घेऊ विष हाय का न्हाई. मी काय तुला नवस बोलाय लावून राहिलो का? पाला हाय ह्यो. पाल्यात कुठला देव?"

देव नाही म्हटल्यावर तिला आडवं यायला काही कारण उरलं नाही. तिनं मान हलवली. बबलूनं पाला चावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "कडू हाय, आबा. लई कडू हाय."

पारावर जो आनंद झाला! नारळ फुटला. कुणीतरी साखर आणली. बबलूनं चिमूटभर खाल्ली, आणखी मागितली. लोक खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून आपापल्या कामाला लागले. मग पोराच्या पापण्या जड झाल्या. बोलणं जरा बोबडं झालं. कुणीतरी म्हणालं, ह्याला उठवा, चालवा. सत्यशीलेनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "झोपू द्या. दिसभर उन्हात हुंदडलाय, थकलाय."

पुढं काळीपिवळी जीप आली, तालुक्याचा दवाखाना आला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि काढून घेतली. ते काही बोलले नाहीत, आणि हिनं काही विचारलं नाही.

बोललं ते गाव. गावाला सांत्वन फार चांगलं करता येतं. "त्याचा काळच आला होता, बाई." "लई जुनाट नाग होता. मिशा आलेला. तसल्याच्या इखावर औषधच न्हाई, मोठ्या दवाखान्यात न्हेलं असतं तरी काय झालं नसतं." ज्ञानोबा दहाव्या दिवशी येऊन दारात बसला, पटका काढून मांडीवर ठेवला, आणि म्हणाला, "पाल्यानं ह्याच येळंला धोका दिला पोरी." तिनं त्याला चहा दिला.

आनंदराजनं एकदाच विचारलं, "तू पाला देऊ कशी दिलीस?" त्यानं परत विचारलं नाही. शनिवारचं येणं तेवढं विरळ झालं. आता रविवारी फोन येतो. "जेवलीस का?" "जेवले. तुमी?" "जेवलो." मग दोघं फोन कानाला लावून उभी राहतात, अन् नांदेडच्या ऑटोंचे भोंगे तेवढे तिच्या गल्लीत ऐकू येतात.

नाटकाची गोष्ट त्यानंतर वर्षभरानं सुरू झाली, आणि ती सत्यशीलेनं सुरू केली नाही. अंगणवाडीच्या मागं पोरं खेळत होती. खिचडी शिजायची होती, म्हणून ही बघायला गेली की एवढी शांत कशी काय. एक पोरगं जमिनीवर पडलेलं, बाकीची भोवती. एकानं झाडाचा पाला आणून पडलेल्याच्या तोंडात कोंबला.

"कडू का गोड?"

"कडू!"

"कडू! वाचला, वाचला!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या आणि पडलेलं पोरगं उठून पळालं. मग दुसरं पडलं. नंबर लावलेले होते.

गावातल्या मोठ्यांनी ज्या दिवसाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं, तो दिवस पोरांनी खेळात घेतला होता. फरक एवढाच की त्यांचा बबलू दर वेळी उठून पळत होता. दुसरी बाई असती तर पोरांना बदडलं असतं, नाहीतर पदर तोंडात धरून आत गेली असती. सत्यशीला पळी हातात घेऊन तिथंच खाली बसली आणि विचारलं, "पुढं काय झालं?"

पोरांनी हातातला पाला मागं लपवला. मग लुंबिनी नावाची एक पोरगी, जरा मोठी, धाकट्या भावाला सोडायला आलेली, ती म्हणाली, "पुढं तो झोपला, मावशी."

"मग तेबी करा की," सत्यशीला म्हणाली.

त्या दिवशी खिचडी करपली. पण खुंटीवरची खंजिरी खाली आली.

नाटक असं काही मोठं नाही. सुरुवातीला हलगी, मग सापाचा नाच. चार पोरं एकमेकांच्या कमरेला धरून वळवळत येतात, पुढचा दोन्ही हातांचा फणा करतो. बारकी पोरं किंचाळतात, तेवढ्यात गर्दी जमते. मग ताडपत्री, मग पार, मग पाल्याचा आजोबा. आजोबा आला की लोक हसून हसून लोळतात. मग झोप. मग पांढरा कपडा. पांढऱ्या कपड्याखाली जायला पोरं एका पायावर तयार होती, पण आया आडव्या आल्या. जित्या लेकराला मेलेलं करायचं नाही, असं सगळ्यांनी बजावलं, आणि बुद्धवाड्यातल्यांनीसुद्धा बजावलं, जिथं अपशकुन वगैरे मानत नाहीत. सत्यशीला वाद घालत बसली नाही. पोरं गोल करून उभी राहायची, चावलेला गडी पायांमधून मागं सटकायचा, आणि त्याच्या जागी गोधडीची वळकटी कपड्याखाली सरकायची. आई झालेली लुंबिनी त्या वळकटीवर पडून गाणं म्हणायची:

लिंबाचा पाला कडू गं माय, कडूच लागणार
साप चावो नाहीतर न चावो, कडूच लागणार
पाल्याला काय पुसतीस बाई, गाडीवाल्याला पूस
झोप नव्हं ती, झोप नव्हं ती, हलवून त्याला उठव

गाणं सत्यशीलेनंच बांधलेलं. ती स्वतः कधी पुढं आली नाही. ओट्याच्या नाहीतर टमटमच्या आडोशाला बसून खंजिरी वाजवायची. नाटकातल्या पोराचं नाव तिनं राजू ठेवलं होतं.

बिलोलीच्या त्या अंगाची, धर्माबादच्या या अंगाची कितीतरी गावं झाली. शाळा झाल्या, बाजार झाले. राहिलं ते आमचं गाव. इथं कुणी नाटक बोलवेना, आणि तीही करते म्हणेना. कारण उघड होतं: पहिल्या रांगेत खुर्ची टाकून ज्ञानोबा बसणार. नागुबाईला मात्र चिमटा काढल्याशिवाय करमत नाही. नळावर म्हणाली, "सत्यशीले, जगाला शहाणं करून राहिलीस, अन् आपल्या गावाला पालाच का गं?"

सत्यशीलेनं घागर उचलली आणि गेली. बोलण्यासारखं जे होतं ते नळावर बोलण्यासारखं नव्हतं. गावोगाव ती पोरांच्या तोंडून ओरडून सांगत होती की दवाखान्यात न्या, माणूस वाचतो. आणि घरी येऊन पाठ टेकली की तिला गावाचं ते जुनं बोलणं आठवायचं, बबलूचा नाग जुनाट होता, मिशा आलेला, त्याच्यावर औषध नव्हतंच. लोकांच्या लेकरांचा साप वेगळा आणि बबलूचा वेगळा. दिवसा एक खरं, घरात दुसरं. दोन्ही तिनं धरून ठेवली होती, कारण दुसरं सोडलं तर मांडीवरचं ते डोकं आणि "झोपू द्या" हे शब्द, एवढंच हातात उरत होतं.

यंदा पेरण्या झाल्यावर गावात एकाला धामण चावली. धामणीला विष नसतं हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण गडी पारावर आला, पाला कडू लागला, नारळ फुटला, गडी दुसऱ्या दिवशी औत घेऊन रानात गेला. पाराची पत पुन्हा वाढली. सोयाबीन कमरेला लागलं होतं. दोन महिन्यांत कापणी, मग गंजी, मग ताडपत्र्या. सत्यशीला उठली आणि थेट शाळेत गेली.

मुख्याध्यापक मल्लिकार्जुन सर म्हणाले, "पंधरा ऑगस्टला नाटक ठेवू की. देशभक्तीवर आहे ना?"

"सापावर हाय, सर."

"पंधरा ऑगस्टला साप कशाला, बाई?"

"सापाला सुट्टी नसती, सर."

सर हसले आणि तिथंच फसले.

आजोबाचं काम कुणी करायचं हा प्रश्न होता. आधीचा पोरगा मामाच्या गावाला शिकायला गेलेला. काम मागायला आला तो आदिनाथ, पाचवीतला, आणि तो ज्ञानोबाचा सख्खा नातू. सत्यशीलेनं त्याला तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा त्याची आई मनिषाच घेऊन आली, पिशवीत सासऱ्याचा जुना गुलाबी पटका घालून.

"करू द्या त्याला, ताई," मनिषा म्हणाली. "घरात रात्रंदिस मामंजीची नक्कल करतंय."

"त्यांला राग येईल, मनिषा."

मनिषा पटक्याची घडी नीट करत राहिली. "मलाबी दोन लेकरं हायती, ताई," ती म्हणाली. "घरात बोलायची माझी काय टाप हाय?"

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, भाषणं झाली, जिलेबीच्या टोपल्या ऑफिसच्या दारात येऊन ठेवल्या, आणि जिलेबी मिळेपर्यंत गाव हलणार नाही अशा बेतानं नाटक सुरू झालं. साप आला, नाचून गेला. आणि मग गुलाबी पटका, काठी टेकत, खाकरत, कमरेवर हात ठेवून आदिनाथ आला. अख्खं मैदान हसत सुटलं. हुबेहूब! तीच मान हलवणं, तेच "आधी बघून तर घेऊ!"

सगळ्यात जास्त हसला ज्ञानोबा. मांड्यांवर थापा मारून हसला. शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "माझा नातू! बघ, बघ!" आदिनाथनं पाला पुढं केला तेव्हा म्हातारा खुर्चीतून ओरडला, "आरं, डाव्या हातानं न्हाई! उजव्या हातानं दे!" आदिनाथनं हात बदलला. लोक पुन्हा हसले. ओट्यामागं सत्यशीलेचा खंजिरीवरचा हात चुकला. म्हातारा समजून बसला होता की हा त्याचा सत्कार चाललाय.

"कडू हाय, आबा," चावलेला पोरगा म्हणाला. "लई कडू हाय."

"कडू हाय! विष न्हाई!" आदिनाथ ओरडला, आणि मैदानातल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं.

मग पोरगा पेंगला. लुंबिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोरं गोल झाली, आणि गोल मोडला तेव्हा पांढरा कपडा होता. लुंबिनी गाणं म्हणू लागली. मैदान हळूहळू गप्प होत गेलं. एकाच माणसाचा आवाज येत राहिला.

"मेलं का? कोण मेलं? आरं, पाला कडू लागला होता ना?" ज्ञानोबा उठून उभा राहिला. "ए लुंबिने! चुकलं तुमचं. कडू लागल्यावर मरत न्हाई. मागनं घ्या, मागनं घ्या परत!"

काही जण फिदीफिदी हसले. लुंबिनी गाणं थांबवून ओट्याकडं बघायला लागली. आणि त्या ओट्यामागून, इतक्या गावांत कधी नाही ती सत्यशीला पुढं आली. खंजिरी हातातच होती.

"चुकलं न्हाई, आबा," ती म्हणाली. "माझ्या बबलूलाबी कडूच लागला होता."

हे नाव त्या गर्दीत चार वर्षांनी आलं. म्हाताऱ्याचं तोंड आधी कोरं झालं, मग लाल झालं, आणि मग तो जे बोलला ते काही खोटं नव्हतं.

"अन् झोपू द्या म्हणून कोण म्हणलं होतं? मी का तू? चालवा म्हणून लोक सांगून राहिले होते, तू मांडीवर घेतलंस. मी म्हणलो होतो का झोपू द्या?"



"मीच म्हणले होते," सत्यशीला म्हणाली. "म्हणून तर गाणं हाय."

मल्लिकार्जुन सरांनी घाईनं भारत मातेचा जयजयकार केला आणि जिलेबी वाटायला घेतली. गावानं जिलेबी घेतली. दुसरं काय करणार होतं? पण त्या दिवशी हातात जिलेबी धरून लोक बराच वेळ नुसते उभे होते.

पुढचे दिवस कुणालाच चांगले गेले नाहीत. म्हाताऱ्याचा भर सभेत अपमान केला, असं निम्मं गाव म्हणायला लागलं. नातवालाच त्याच्यावर घातलं, हा सूड झाला, असंही निघालं, आणि ते कुठून निघालं हे सांगायला नकोच. आदिनाथला घरून मार बसला. मनिषा नळावर खाली बघून यायची आणि खाली बघून जायची. ज्ञानोबा चार दिवस पारावर आला नाही. मग आला. पण पटका बांधेना. बोडक्या डोक्याचा ज्ञानोबा गावानं पहिल्यांदा बघितला, आणि तो किती म्हातारा झालाय ते तेव्हा लक्षात आलं.

कापणी आली. एका दुपारी व्यंकटी पोरीला खांद्यावर घालून रानातून पळत आला. व्यंकटी पाटलाच्या रानात सालगडी आहे. पोरगी तेवढीच, बबलू गेला तेव्हा तो होता तेवढी. गंजी झाकत होते. पोरीनं ताडपत्री ओढली आणि बोटाला नाग. व्यंकटीचे पाय कुठं वळणार? पाराकडंच वळले. पंधरा ऑगस्टला पहिल्या टाळ्या त्यानंच वाजवल्या होत्या.

ज्ञानोबाचा हात सवयीनं वर गेला. डहाळी मोडली, पाला ओरबाडला. पोरीनं तोंड उघडलं. गोळा झालेली माणसं मान पुढं करून बघत होती. म्हातारा पाला हातात धरून पोरीकडं बघत राहिला, आणि मग तो पाला त्यानं स्वतःच्या तोंडात टाकला. चावला. चावत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं, ते कडूपणाचं होतं की कशाचं, कोण सांगणार.

"कडू हाय," तो म्हणाला. "मला तर कुण्या सापानं चावलं न्हाई, तरीबी कडूच हाय." आणि मग कुणी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडला, "बघता काय रे तोंडाकडं? गाडी काढा! झोपू देऊ नका तिला! बोलत ऱ्हावा तिच्यासंगं!"

मोटारसायकलवर दोघांच्या मधे पोरीला बसवलं. तालुक्याला इंजेक्शनं दिली, तिथून नांदेडला नेली. एक रात्र नळ्या लावून ठेवली म्हणे. आणि पोरगी वाचली.

घरी आल्यावर व्यंकटी तिला घेऊन आधी पाराकडं गेला. ज्ञानोबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मला कशाला? तिकडं न्या, बुद्धवाड्यात." म्हणून व्यंकटी पेढे घेऊन सत्यशीलेच्या दारात आला. मागं निम्मं गाव.

सत्यशीलेनं पोरीला जवळ बसवलं, बांधलेलं बोट बघितलं. पेढ्याला हात लावला नाही. व्यंकटीला विचारलं, "कुठला साप होता?"

"नागच, ताई. डोळ्यानं बघितला मी."

"बारका असंल."

"बारका कुठला? लई जुनाट. लोक म्हणत्यात न्हाई का, मिशा आलेला, तसला."

"नीट बघितलास का तू?"

"माझ्या हातभर अंतरावरून गेला की."

"धामणबी तशी दिसती."

"ताई, डॉक्टरनं सांगितलं, नागाचंच इख होतं म्हणून. येळंवर आणली म्हणून वाचली म्हणाले."

सत्यशीला उठली. मग आत गेली, वाटीत साखर घेऊन आली आणि पोरीच्या हातावर चिमूटभर ठेवली. पोरीनं चाटली आणि हात पुढं केला. "अजून."

वाटी तशीच पोरीच्या मांडीवर ठेवून सत्यशीला घरात गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत खिचडी शिजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरं हलगी घेऊन येऊन दाराशी बसली आणि उठून गेली. गावाला काही समजेना. आता कुठं सगळे तिच्या बाजूचे झाले होते. धर्माबादकडून दोन शाळांचं बोलावणं आलेलं. जे गाव तिला सूड घेणारी म्हणत होतं तेच आता तिचं नाव काढून राहिलं होतं, आणि ही घरात कोंडून बसलेली. कुणी म्हणालं, भाव खाऊन राहिली. कुणी म्हणालं, सत्काराची वाट बघते.

शेवटी नागुबाई गेली. भाकरी आणि पिठलं पदराखाली झाकून नेलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. तीन हाका मारल्यावर दार उघडलं. सत्यशीलेचे डोळे सुजलेले. खंजिरी जमिनीवर पालथी पडलेली. नागुबाईनं ताट ठेवलं, पण जीभ काही तिच्या ताब्यात नसते.

"अगं, काय हे रूप! अख्खं गाव तुझं कौतुक करून राहिलंय, म्हाताऱ्यानं पाला सोडला, लोकाची पोरगी वाचली. तुझं नाटक जिंकलं की गं! आता तर खूश हो. का आता पोरगी वाचली ह्याचंबी रडू आलं तुला?"

सत्यशीलेनं भाकरीचं ताट आपल्याकडं ओढलं आणि म्हणाली,

"हाव अक्का, त्याचंच रडू आलं. ती वाचली, म्हंजे माझा बबलूबी वाचला असता."